उन्हाळ्यातलं फुलझाड: आधी निदान, मग पाणी

एप्रिल लागला की रोपवाटिकांमध्ये गिऱ्हाइकांची एक ठरावीक फेरी सुरू होते. पिशवीत जास्वंदीची दोन पिवळी पानं घालून कुणी येतं, ती पुढे करतं आणि म्हणतं, "यावर एखादं औषध द्या." जाणता माळी पानं उलटसुलट करून बघतो, पण बाटलीकडे हात नेण्याआधी विचारतो: कुंडीतली माती ओली आहे की कोरडी? झाड सकाळी कसं दिसतं? पिवळी पानं शेंड्याची आहेत की बुंध्याजवळची? पाणी नळाचं घालता की बोअरचं? या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर बहुतेक वेळा औषधाची गरजच उरत नाही. आणि उत्तरं नसतील, तर कुठलंही औषध म्हणजे अंधारातला दगड.

उन्हाळ्यात फुलझाडाचं निदान अवघड जातं ते एका कारणानं. एकच लक्षण दोन अगदी उलट आजारांचं असू शकतं. तहानलेलं झाड मान टाकतं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजलेलं झाडही तशीच मान टाकतं. एकाला पाणी जगवतं, दुसऱ्याला तेच पाणी मारतं. शिवाय तिसरंही एक झाड असतं, जे दुपारी मान टाकतं आणि त्याला काहीही झालेलं नसतं.

या तिसऱ्या झाडापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याच वाट्याला येतो. 40 अंश तापलेली हवा 20 अंशांच्या हवेच्या तिपटीएवढी वाफ पोटात घेऊ शकते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा ही हवा पानांतून पाणी अक्षरशः ओढून घेते. माती ओली असली तरी मुळांचा पुरवठा या ओढीला पुरा पडत नाही. मग जास्वंद, डेलिया, झिनिया, सूर्यफूल अशी रुंद आणि पातळ पानांची झाडं पर्णरंध्रं मिटून घेतात. पानं लोंबतात, त्यामुळे त्यांच्यावर पडणारं ऊनही कमी होतं. सूर्य कलला की पाण्याचा हिशोब जुळतो आणि रात्रीत झाड पुन्हा ताठ होतं. ही त्याची स्वतःला वाचवण्याची रीत आहे.

आपण मात्र दुपारी तीनला ते बघतो आणि तांब्याभर पाणी ओततो. रोज ओततो. इथून खरा आजार सुरू होतो. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की हा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळांना प्राणवायू जास्त हवा असतो. कोमट पाण्यात तो विरघळतो मात्र कमी. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं सतत भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या कुजवणाऱ्या रोगकारकांना रान मोकळं मिळतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे झाड आणखी मलूल होतं, आणि ते बघून आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून झाडाची तपासणी दुपारी करू नये. सकाळी सहाला करावी. तेव्हा ते टवटवीत असेल, तर दुपारच्या मलूलपणाची काळजी नको. फार तर थोडी सावली द्या. सकाळीही मान पडलेली असेल आणि माती कोरडी असेल, तर ती तहान. सकाळी मान पडलेली आणि माती ओलीच असेल, तर दुखणं मुळांत आहे आणि पाणी ताबडतोब थांबवायला हवं. या एका सकाळच्या फेरीनं जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही महागड्या उपकरणानं कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माती ओली आहे हे वरून बघून ठरवू नये. उन्हाळ्यात वरचा थर तासाभरात पांढरा पडतो आणि खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घालावं, नाहीतर कुंडी किंचित उचलून वजन जोखावं. आजकालच्या कुंड्यांत कोकोपीट भरपूर असतं, आणि ते एकदा पूर्ण वाळलं की वेगळीच अडचण होते. ते आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. तळातून पाणी वाहताना दिसतं म्हणून आपण समाधान मानतो, पण मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग काढून निथळू द्यायची. जमिनीतल्या झाडांचं, विशेषतः मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत, दुखणं निराळं असतं. ही माती वाळली की खोल भेगा पडतात, त्यात केशमुळं तुटतात आणि खालची ओल उघडी पडून उडून जाते. तिथे पाण्याइतकंच महत्त्व आच्छादनाला आहे. वाळलेला पाला, उसाचं पाचट, गवत, जे हाती असेल ते तीन-चार इंच जाड पसरावं, फक्त खोडाला चिकटू देऊ नये.

मूळ कुजल्याचा संशय आला तर झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून बघायला घाबरू नका. निरोगी मूळ पांढरट, घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी असतं, वास मारतं, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा धागा उरतो. असा भाग धारदार कात्रीनं कापून टाकायचा, नवी भुसभुशीत माती घालायची, त्यात ट्रायकोडर्मा मिसळायचा. कृषी सेवा केंद्रांत ही उपयोगी बुरशी मिळते. मुळं कमी झाली, तेवढ्या प्रमाणात वरचा पसाराही थोडा कमी करायचा आणि झाड सावलीत ठेवायचं. अशा झाडाला खत घालणं म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणं.

गच्चीवर आणि पश्चिमेच्या बाल्कनीत आणखी एक गोष्ट घडते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात तापते, तिच्या कडेची मुळं भाजतात, आणि स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्रभर सोडत राहतो. अशा कुंडीतलं झाड एका बाजूनं, उन्हाच्या बाजूनं सुकत जातं. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या, एकमेकींना चिकटवून घोळका केला, मोठ्या कुंडीच्या सावलीत लहान ठेवली, पश्चिमेला 50 टक्क्यांचं शेडनेट लावलं, तर फरक चार दिवसांत दिसतो. आणि पाण्याचं तापमान बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं किंवा उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. दुपारचं पाणी घातक ठरतं ते बहुधा यामुळे. पानांवरचे थेंब भिंगासारखं काम करून पान जाळतात, ही समजूत मात्र फारशी टिकत नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 साली हे तपासून पाहिलं, तेव्हा गुळगुळीत पानांवर अशी भाजणी होत नाही असं त्यांना आढळलं. दाट लव असलेल्या पानांवर थेंब लवेच्या टोकांवर उचललेला राहिला तरच ती शक्यता उरते. पाणी सकाळी लवकर घालावं, आणि पाइपातलं पहिलं गरम पाणी वाहून जाऊ द्यावं.

आता पिवळ्या पानाकडे येऊ. कुठलं पान पिवळं झालं, यातच निम्मं निदान असतं. झाड नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देऊ शकतं, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर सगळं पान एकसारखं फिकट पिवळं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो. लोह मात्र झाडाला असं हलवता येत नाही. त्यामुळे लोह कमी पडलं की कोवळी, शेंड्याची पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या जाळीसारख्या उरतात. अनंताच्या झाडाला हे दुखणं हमखास होतं. कोकणातल्या जांभ्या मातीत, जी आम्लधर्मी असते, अनंत आणि पिटकुळी मजेत वाढतात. तेच झाड देशावर आणलं, चुनखडीच्या मातीत लावलं आणि उन्हाळाभर बोअरचं जड पाणी घातलं, की मातीतलं लोह असूनही त्याला मिळेनासं होतं. इथे युरिया घालून काहीच साधत नाही. गांडूळखत, पानांचं कुजलेलं खत, आणि अल्कधर्मी मातीतही टिकणारं चिलेटेड लोह, हा उपाय आहे. कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमला असेल आणि पानांची टोकं तपकिरी करपली असतील, तर ते क्षार साचल्याचं चिन्ह. एकदा, संध्याकाळी, साध्या गोड्या पाण्यानं कुंडी भरपूर धुवून काढावी. कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी तळातून निघून जाऊ द्यावं.

पानं पिवळी नाहीत, पण निस्तेज, धुळकट, बारीक ठिपक्यांची दिसतात, जणू कुणी त्यांचा रंग पुसून काढलाय, तेव्हा बहुतेक वेळा लाल कोळी आलेला असतो. गुलाब, झेंडू, जास्वंद, कुणालाही तो सोडत नाही. कोरडी, तापलेली हवा त्याला मानवते, त्यामुळे विदर्भ-खानदेशात आणि रस्त्याकडेच्या धुळीच्या बागांत त्याचा उच्छाद जास्त. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. टिंबाएवढे ठिपके चालू लागले, तर निदान पक्कं. नंतरच्या पायरीवर शेंड्यांना बारीक जाळी दिसते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. 30 अंशांच्या आसपास त्याची एक पिढी आठवड्या-दहा दिवसांत पुरी होते आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते.

इथे होणारी चूक मोठी आहे. लाल कोळी हा कीटक नाही. तो आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला. दुकानात सहज मिळणारी इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्याला मारत नाहीत. उलट अशा फवाऱ्यांनंतर लाल कोळी वाढल्याच्या नोंदी जगभर आहेत, कारण त्याला खाणारे मित्रकीटक आणि भक्षक कोळी मरतात. इमिडाक्लोप्रिडमुळे त्याची अंडी घालण्याची क्षमताही वाढते असं आढळलं आहे. मग औषध मारूनही रोग वाढतो आणि आपण डोस वाढवतो. गंधकाची पाण्यात मिसळणारी पावडर कोळ्यावर चालते, पण पारा 32-35 च्या वर असताना गंधक पानंच जाळतं, तेव्हा मे महिन्यात ते बाजूलाच ठेवलेलं बरं.

सगळ्यात चांगला उपाय पाण्याचा आहे. पानांच्या खालच्या बाजूवर जोराचा फवारा, सकाळी, तीन-चार दिवसांच्या अंतरानं, दोन-तीन आठवडे. अंडी धुतली जात नाहीत, म्हणून एकदा करून भागत नाही. धुताना कुंडीच्या तोंडावर प्लास्टिक बांधून कुंडी तिरकी करा, म्हणजे मातीचा चिखल होत नाही. प्रादुर्भाव जास्त असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल, ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा सौम्य साबण, आणि फवारणी ऊन उतरल्यावर. भर उन्हात तेल पानावर राहिलं तर पान भाजतं. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट बघितलेली चांगली.

कोकण, मुंबई, गोव्याकडच्या दमट उन्हाळ्यात कोळ्यापेक्षा पिठ्या ढेकूण जास्त छळतो. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके, मुरडलेली कळी, चिकट पानं, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. ढेकणाच्या अंगातून निघणारा गोड द्रव त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि त्याला खायला आलेल्या कीटकांना हुसकावतात. मुंग्यांची वाट तोडली की अर्धं काम होतं. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर उभी केली तरी ती तुटते. थोडे पुंजके असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसावेत, खूप असतील तर शेंडा कापून पिशवीत बांधून फेकावा. कापलेला शेंडा बागेतच टाकला, तर ढेकूण चालत परत येतो.

आणि पुसण्याआधी नीट बघा. पुंजक्यांमध्ये एखादा पांढरा, मेणाच्या लांब झिरमिळ्यांचा, ढेकणापेक्षा मोठा आणि भराभर चालणारा प्राणी दिसला, तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असू शकते. ती दिसते ढेकणासारखी आणि खाते ढेकूणच. हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि आपल्याकडचे द्राक्षबागायतदारही तो पिठ्या ढेकणासाठी बागेत सोडतात. घरच्या बागेत मात्र पुष्कळदा तोच आधी मारला जातो. मित्रकीटक काय करू शकतात, याचं एक उदाहरण फार जुनं नाही. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात 2008 मध्ये कोइमतूरकडे प्रथम सापडला आणि पपई, तुतीपासून जास्वंदीपर्यंत पसरत थोड्याच काळात महाराष्ट्रातही पोचला. फवाऱ्यांनी तो आटोक्यात येईना. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या गेल्या, बंगळुरूमध्ये त्यांची पैदास झाली, त्या वाटल्या गेल्या, आणि त्यांतल्या एका चिमुकल्या जातीनं हा ढेकूण आटोक्यात आणला. ही माशी डोळ्यांनी धड दिसतही नाही. सरसकट फवारा मारताना आपण अशाच कुणाला तरी मारत असतो.

झाड हिरवंगार आहे पण कळ्या गळतात, अशी तक्रार असेल तर कळी उघडून बघावी. मोगऱ्याच्या कळीला बारीक भोक आणि आत विष्ठा असेल तर कळी पोखरणारी अळी. कळी जांभळट होऊन न उमलता गळत असेल तर कळीमाशी. जास्वंदीच्या कळ्यांतही याच माशीच्या पिवळट-पांढऱ्या बारीक अळ्या सापडतात. गळलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बंद करून टाकणं, हा इथला मुख्य उपचार, कारण अळी पुढे मातीत उतरून कोष करते. गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी अर्धवट उमललेली असेल तर फुलकिडे. आत काहीच सापडलं नाही, तर कारण बहुधा ऊन आणि पाण्याची अनियमितता.

काही तक्रारी तर आजाराच्या नसतातच. शेवंती दिवस लहान झाल्यावर कळ्या धरते. मे महिन्यात तिला कितीही खत घाला, फुलं येणार नाहीत, मुळं मात्र जातील. तिला सावलीत, बेताच्या पाण्यावर पाऊसकाळापर्यंत नेऊन पोचवायचं. बोगनवेलीला जास्त पाणी दिलं की ती पानांनी भरते. थोडी तहान लागली की रंग धरते. गुलाबाची फुलं उन्हात लहान आणि फिकी होतात, कारण उष्णतेत कळी घाईनं उमलते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेला जोमदार फुटवा मात्र लगेच काढावा, नाहीतर कलम मरतं आणि खालचा रानटी खुंटच उरतो. मोगरा हे खरं उन्हाळी झाड. त्याला कडक ऊन हवंच असतं, आणि सावलीत ठेवलेला मोगरा फुलत नाही म्हणून कुणी औषध आणायला जाऊ नये.

सदाफुलीसारखं काटक झाड एका दुखण्यापुढे हरतं. फुलं हिरवी, पानासारखी होतात, पानं बारीक होऊन झुपक्यात येतात. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म रोगकारकाचं हे काम, आणि त्यावर बागेत करता येण्यासारखा उपाय नाही. ते झाड त्याच दिवशी उपटावं. मन जड होतं, पण शेजारच्या कुंड्या त्यामुळेच वाचतात.

भर उन्हाळ्यात रासायनिक खत आणि कडक छाटणी, दोन्ही टाळावं. तहानलेल्या मुळांना खताचे क्षार जाळतात, आणि छाटणीनं उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हानं फाटते. गुलाबाची मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरातच करावी. हळद, ताक, हिंग यांचे घरगुती फवारे लोक हौसेनं मारतात. साध्या पाण्यानं पान धुण्यापेक्षा त्यांचा गुण जास्त आहे असं मला कधी दिसलं नाही. तंबाखूचं पाणी तर वापरूच नये. त्यातलं निकोटिन फवारणाऱ्याच्या कातडीतूनही अंगात भिनतं.

पहिल्या वळवानंतर शेडनेट एकदम काढू नये. सावलीला सरावलेली पानं एका दुपारच्या उन्हात करपतात, म्हणून आठवडाभर सकाळचं ऊन द्यावं आणि मग मोकळं करावं. त्याच दिवसांत संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे घोंघावताना दिसतील. ते हुमणीचे. पानं खाऊन ते मातीत आणि शेणखतात अंडी घालतात, आणि जून-जुलैमध्ये त्यांच्या इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या गुलाबाची मुळं कुरतडतात. उन्हाळा निभावलेलं झाड ऐन पावसात, ओल्या मातीत कोमेजलं, तर पुन्हा मूळ उकरून बघावं. आणि पावसाळी खत भरताना शेणखत चाळणीतून काढून, अळ्या वेचूनच कुंडीत घालावं.